मधला माणूस नको

मंगळवार, ८ जानेवारी १९७४

औषध कंपनीचा माणूस आज वॉर्डात डायऱ्या वाटून गेला. डॉक्टरांना जाड, आम्हाला बारीक. गेल्या वर्षीच्या डायरीत मी नुसत्या वॉर्डातल्या चादरींच्या याद्या केल्या होत्या. यंदा काहीतरी बरं लिहायचं ठरवलंय.

आधी स्वतःबद्दल. केराबाई धुळाप्पा मेटकरी, स्टाफ नर्स, पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, सोलापूर. वय सत्तावीस. गाव सांगोला तालुक्यात, घरी मेंढरं. माझ्या आधीची दोन पोरं जगली नाहीत, म्हणून आईनं मला जन्मल्या जन्मल्या केरावर ठेवलं आणि मग उचललं. केरातली पोर कुणी नेत नाही म्हणे. नेली नाही खरी.

काशम्मा माझ्याच खोलीत राहते, लेबर रूमला असते. तिचे वडील पूर्व भागात मागावर चादरी विणतात. ती म्हणाली, "डायरीत खरं लिहायचं असतंय." तर खरं हे की नर्सेस होमच्या एकाच खिडकीतून सात वर्षं एकच लिंबाचं झाड बघून मला कंटाळा आलाय.

रविवार, २० जानेवारी

आमच्या मेट्रन शांतवनबाईंना विलायतेहून नर्सिंगचं एक मासिक येतं. वाचून झालं की त्या ते ड्यूटी रूममध्ये विसरतात. दर महिन्याला विसरतात, आणि नेमकं जाहिरातींचं पान उघडं राहिलेलं असतं. एवढ्या शिस्तीच्या बाई, रुमालाची घडी वाकडी दिसली तरी परत घालायला लावतात, पण ह्या एका बाबतीत विसरभोळ्या.

आज सगळी पानं वाचली. इंग्लंडमध्ये नर्सेस पाहिजेत. एका ठिकाणी नाही, वीस ठिकाणी. खाली पत्ते दिलेत. सरळ लिहा म्हणतात.

काशम्माला दाखवलं. ती म्हणाली, "तुला कोण बोलावतंय तिकडं?"

मी म्हटलं, "बोलावण्याची वाट बघत बसले तर लिंब बघत रिटायर होईन."

ती हसली. मी हसले नाही. मला रात्रपाळीचं पुढचं वेळापत्रक पाठ आहे, त्याच्या पुढचंही पाठ आहे. पन्नाशीपर्यंतचं सगळं पाठ आहे. त्याचीच भीती वाटते.

शनिवार, २ फेब्रुवारी

कोर्टाबाहेर गुरप्पा टायपिस्ट बसतो, अक्कलकोटचा. त्याच्याकडून अर्ज टाइप करून घेतला. तो जन्मभर जमिनीचे दावे टाइप करत आलाय. माझा अर्ज वाचून म्हणाला, "हे लई कोरडं झालं अव्वा. साहेबाला जरा पाया पडल्यासारखं पायजे." मग त्यानंच सुरुवात केली, 'आय बेग टू स्टेट'. मध्ये आणखी दोनदा बेग. शेवटी, ह्या उपकाराबद्दल मी कायम आपल्यासाठी प्रार्थना करीन.

फार भारदस्त दिसतंय.

सोमवार, ११ फेब्रुवारी

मेट्रनचं शिफारसपत्र लागतं. आठ दिवस धीर होत नव्हता. आज अर्ज घेऊन ऑफिसात गेले. बाईंनी चष्मा नाकावर घेतला, सगळं वाचलं, आणि लाल पेन्सिल काढली.

"सिस्टर मेटकरी, तुम्ही नोकरी मागताय की भीक?"

"नोकरी, मॅडम."

त्यांनी तिन्ही बेग खोडले. शेवटची प्रार्थनेची ओळही खोडली. "प्रार्थना चर्चमध्ये करावी. पत्रात रजिस्ट्रेशनचा नंबर द्यावा. तो कुठं आहे?"

नंबर घालायचा राहून गेला होता.

"आणि आधी हॉस्पिटलांना लिहू नका. आधी लंडनच्या नर्सिंग कौन्सिलला लिहा, त्यांच्याकडे नाव नोंदवा, मग हॉस्पिटल. त्यांच्या फॉर्ममध्ये सातवा रकाना फसवा असतो. ट्रेनिंगचे महिने नाही, आठवडे विचारतात. वॉर्डावार."

हे त्यांना कसं ठाऊक कोण जाणे. मेट्रन झाल्यावर बाईला सगळंच ठाऊक होत असेल.

शिफारसपत्राचं विचारलं तर म्हणाल्या, "वेळ आल्यावर बघू." म्हणजे देणार नाहीत. चार वर्षांत मी एकही दिवस उशिरा आले नाही, त्याचं हे फळ. खोलीवर येऊन थोडी रडले. मग अर्ज स्वतःच्या अक्षरात परत लिहून काढला. बेग नसले की पत्र अर्ध्या पानात बसतं.

रविवार, ३ मार्च

कौन्सिलचा फॉर्म आला, भरून गेला. सातवा रकाना खरंच फसवा होता.

दुपारी नवी पेठेत गेले होते. कापडाच्या दुकानावरच्या माडीत एक एजंट महिन्यातून एकदा मुंबईहून येऊन बसतो. बाजूच्या दवाखान्यातल्या दोघीजणी त्याच्याकडून इराणला जाणार आहेत. सहज चौकशी करावी म्हणून गेले. त्यानं आधी थंड पेय मागवलं, मग म्हणाला, "मूळ सर्टिफिकिटं आमच्याकडं ठेवून जा बहेनजी. कोणत्या देशात पाठवायचं ते आम्ही बघतो."

मी विचारलं, "सर्टिफिकिटं परत कधी मिळणार?"

"तिकडं पोचल्यावर."

मी पिशवी छातीशी धरून उठले. ती सर्टिफिकिटं मिळवायला मी चौदाव्या वर्षी पाचवीच्या वर्गात बसले होते, माझ्या खांद्याला लागणाऱ्या पोरांमध्ये. ती मी कुणाच्या कपाटात ठेवू?

काशम्माला म्हटलं, मी एकटीनं जाईन. मधला माणूस नको. ती म्हणाली, "बरं. आधी ते थंड पेय पिऊन यायचं होतंस की."

सोमवार, २५ मार्च

राग इतका आलाय की अक्षर नीट येत नाही.

शुक्रवारी सही घ्यायला ऑफिसात गेले तर मेट्रनबाईंच्या टेबलावर लंडनचा शिक्का असलेलं लांब पाकीट होतं. मला बघून त्यांनी ते फाइलखाली सरकवलं. आणि आज हुकूम: सिस्टर मेटकरी, उद्यापासून मुलांचा वॉर्ड. पूर्ण बारा आठवडे, एक दिवस कमी नाही. त्या काळात रजा नाही.

मी म्हटलं, "मॅडम, वैशाखात चुलतभावाचं लग्न आहे."

"लग्न तुमचं नाही ना? मग तुमच्यावाचून लागेल."

सर्जिकलला मी चार वर्षं काढली. तिथं माझ्या हातात सगळं होतं. आता रडकी पोरं आणि त्यांच्या रडक्या आया. जायचं नाव काढलं म्हणून ही शिक्षा, दुसरं काय? काशम्मा कॅलेंडरकडे बघत आठवडे मोजत होती. म्हणाली, "बाराच का गं? दहा का नाही?" मी म्हटलं, मला काय माहीत, त्यांच्या मनाला येईल तेवढे.

गुरुवार, ९ मे

ऊन असं की वॉर्डातला पंखा गरमच हवा ढकलतो. जुलाबाची पोरं येतायत, एका खाटेवर दोन-दोन.

आज करमाळ्याकडून बनाबाई नावाची बाई आठ महिन्यांची पोर घेऊन आली. पोरीचे डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच राहते. डॉक्टरांना हाताची शीर सापडेना, पायाची सापडेना. मी म्हटलं, डोक्याला बघते. कानाच्या वरती बोट ठेवलं आणि थांबले. घाई केली नाही. लागली. पहिल्याच सुईला लागली. बाटली चालू झाली, आणि संध्याकाळी पोर असा आवाज काढून रडली की वॉर्ड दणाणला. बनाबाई म्हणाली, "रडू द्या बाई, रडू द्या. दोन दिस झालं हिचा आवाज ऐकला न्हवता."

सर्जिकलला मला असं कधी वाटलं नव्हतं. हे मेट्रनबाईंना कळता कामा नये.

त्या राउंडला येतात तेव्हा सगळ्यांशी मराठीत बोलतात, फक्त माझ्याशी इंग्रजीत. वर सगळ्यांसमोर चुका काढतात. मी 'सिन्स टू डेज' म्हटलं तर म्हणाल्या, "सिन्स नाही, फॉर. पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं. बाकीच्या नर्सेस तोंडाला पदर लावून उभ्या. एवढा दावा माझ्यावर का धरलाय?

मंगळवार, १८ जून

बारा आठवडे संपले. आज सकाळी परत सर्जिकलला बदली. एक दिवस जास्त नाही हेही खरं. निघताना मुलांच्या वॉर्डात मीच रडले.

रविवार, २३ जून

पासपोर्टचा फॉर्म मुंबईहून मागवला होता. सगळा भरून झाला, एका ठिकाणी अडले. विवाहित की अविवाहित.

हे इथं कधीतरी लिहायचंच होतं. माझं लग्न बाराव्या वर्षी झालं, माळशिरसच्या महिपतीशी. तो तेव्हा अठराचा असेल. मी तिथं दोन वर्षं होते. मला भाकरी गोल येत नव्हती, मूल व्हायचं तर वयच नव्हतं. सासू म्हणायची, ही जगायची नाही. मग त्यांनी रंभाबाई नावाची दुसरी केली. आबा आले, कुणाला काही बोलले नाहीत, माझं गाठोडं एका हातात आणि मला दुसऱ्या हाताला धरून एस.टी. स्टँडवर आले. वाटेत एवढंच विचारलं, "साळंला जाशील का?" तेव्हापासून महिपतीचं तोंड पाहिलेलं नाही.

तर मी विवाहित आहे का? नवऱ्याच्या नावाच्या जागी काय लिहू? काशम्मा म्हणाली, "नांदत नाहीस तर विवाहित कशी?" मी 'अविवाहित' लिहिलं. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही.

रविवार, १४ जुलै

गावी जाऊन आले. पाऊस बरा झालाय, मेंढरं घरीच आहेत. आईला सांगितलं. ती म्हणाली, "तितं आपलं कोन हाय?"

"कुणीच नाही."

"मंग बरं हाय. नावं ठेवाय बी कोन न्हाय."

भाऊ बाळासो म्हणाला, आईआबांचं मी बघतो, तू बिनघोर जा. आबा एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. काटा काढून झाला, कोकरू सोडलं, तरी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत कवा?"

"तीन वर्षांनी सुट्टी मिळेल."

मान हलवली आणि मेंढरांमागे गेले. आबांना हे पसंत नाही. शाळेच्या वेळी त्यांनीच विचारलं होतं, आता काहीच विचारत नाहीत. हे मनात घेऊन सोलापूरला परत आले.

मंगळवार, २७ ऑगस्ट

सगळं फिसकटलं.

पासपोर्ट ऑफिसचं पत्र आलं. पोलिसाच्या चौकशीत मी विवाहित असल्याचं आढळलं, अर्जात तसं लिहिलेलं नाही, पतीचं नाव व संमती किंवा फारकतीचा पुरावा सादर करावा, तोवर अर्ज स्थगित.

संध्याकाळी आबाच हजर. खांद्यावर घोंगडी, सांगोल्याहून एस.टी.नं आले होते. नर्सेस होमच्या पायरीवर बसले, आत यायला तयार नाहीत. म्हणाले, "पोलीस आलता. त्यानं इचारलं पोरीचं लगीन झालंय का. म्या म्हनलं, झालतं, पर मोडलंय. त्यानं पुढचं लिवलंच न्हाय वाटतं."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"खोटं बोलाय पायजे हुतं का गं म्या?"

तेव्हा मला माझीच लाज वाटली. म्हटलं, "नाही आबा. मी बोलायला नको होतं."

मग तेच म्हणाले, "काडीमोडीचा कागद पायजे म्हंजे म्हैपतीकडनं पायजे. मंग जाऊ की. त्याला काय?" जणू पलीकडच्या गल्लीत जायचंय. मला तर माळशिरसचं नावही नको वाटतं. पण मी हो म्हटलं.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज लिहायला बरंच आहे.

आबा आणि मी दहाच्या सुमारास माळशिरसला उतरलो. वाटभर मी मनात भांडणाची तयारी केली होती. महिपतीच्या दारात एक धिप्पाड बाई, हाताला पीठ लागलेलं. "कोन पावनं?"

आबा म्हणाले, "मी धुळाप्पा मेटकरी. ही केरा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे... अक्का?"

सवत मला अक्का म्हणेल हे मी भांडणाच्या तयारीत धरलेलं नव्हतं. ती रंभाबाई. तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं, गूळ दिला, चहा ठेवला आणि उसाच्या फडातनं नवऱ्याला बोलावणं धाडलं. महिपती आला. केस अकाली पिकलेत. मला बघून त्याचा चेहरा उतरला. उंबऱ्याशी बसला आणि स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत राहिला, तो शेवटपर्यंत.

आबांनी सगळं सांगितलं. महिपती म्हणाला, "कागद कशाला? एवढी वरसं बिनकागदाचं चाललंय की. आन् मानसं काय म्हनत्याल? म्हैपतीची बायकू समुद्रापल्याड पळाली?"

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला.

"कुनाची बायकू?" रंभाबाई म्हणाली.

"तसं न्हवं..."

"मंग कसं? मगाशी काय म्हनलासा? तेरा वरसं हितं भाकऱ्या कुनी थापल्या? तुमची आई दोन साल हातरुनाला खिळून हुती, तिचं हागनंमुतनं कुनी काडलं? आन् बायकू ही व्हय? मंग मी कोन?"

रंभाबाई उठून बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. "अक्का, त्यो कागद तुमाला पायजे. पर माज्या जिवाला इचारा, मला जास्त पायजे. उद्या ह्येंचं बरंवाईट झालं तर तलाठी म्हनंल, थोरली जिती हाय, तू कोन? ही गोष्ट मला रोज टोचती. कुनाला सांगू?"

मी एवढी वर्षं समजत होते की ह्या बाईनं माझी जागा घेतली. तिलाही तिथं धड जागा मिळाली नव्हती.

मग तिनं तवा उतरवून खाली ठेवला. नवऱ्याला म्हणाली, "कागद हुईस्तवर ही चूल पेटायची न्हाय. सांजंला बी न्हाय, उद्या बी न्हाय."

महिपती लगेच उठला. भुकेला घाबरला असणार.

सरपंच हिंदुराव भला माणूस निघाला. कचेरीतून स्टँप पेपर आणला, चार पंच जमवले. कागदावर लिहिलं की अमुक साली काडीमोड झाली, दोघांचा एकमेकांवर हक्क नाही, दोघं मोकळे. अंगठ्याची शाई पुढं केली तर महिपती म्हणाला, "अंगठा न्हाय. सही करतो." आणि नुसत्या एका सहीला किती वेळ! पेन धरून बसून राहिला. एक अक्षर काढायचा आणि थांबायचा. उगाच वेळ काढत होता. मला वाटलं, आता नाही म्हणतो. पण केली.

रंभाबाईनं दुसरी प्रत मागून घेतली आणि तिथंच पोलक्यात खोचली. मग चूल पेटली. गरम भाकरी, वांग्याचं कालवण, आम्ही दोघी एका ताटात जेवलो. निघताना तिनं माझी ओटी भरली. म्हणाली, "म्हायेरी आल्यागत येत जावा अक्का." आणि मोठ्यानं हसली, म्हणजे आम्ही दोघीही हसलो.

स्टँडपर्यंत महिपती सोडायला आला, दहा पावलं मागून. गाडी आल्यावर आबांना म्हणाला, "तिकडं थंडी लई असती म्हनं. तिला सांगा." मी तिथंच उभी होते. मला सरळ सांगायला काय झालं होतं? विचित्र माणूस.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

लंडनच्या कौन्सिलचं पत्र आलं. मी तिथली रजिस्टर्ड नर्स झाले! माझं नाव टाइप केलेलं, एक अक्षर चुकलेलं नाही.

पाकिटात माझ्या ट्रेनिंगच्या तक्त्याची प्रत होती. वाचता वाचता एका ओळीवर थांबले. मुलांचा वॉर्ड: आठवडे अपुरे. त्याखाली मेट्रनबाईंच्या अक्षरात: कमतरता भरून काढली, बारा आठवडे, २६ मार्च ते १७ जून.

मी तो कागद घेऊन तशीच ऑफिसात पळाले. टोपी सुद्धा वाकडी होती.

"मॅडम, ती बदली... तुम्ही माझ्यासाठी..."

"मुलांच्या वॉर्डात माणसं कमी होती," त्या म्हणाल्या. "टोपी सरळ करा."

"आणि इंग्रजी?"

"तुमचं इंग्रजी वाईट होतं. आता जरा कमी वाईट आहे."

मग ड्रॉवर उघडून शिफारसपत्र काढलं. टाइप केलेलं, सहीचं. तारीख १२ फेब्रुवारी. मी मागितल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

बाईंनी कौन्सिलचं पत्र हातात घेऊन उजेडाकडे धरलं, बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "आता लवकर उत्तर देतात. माझ्या वेळी दोन वर्षं लावली. तोवर घरी वडील अंथरुणाला..." आणि थांबल्या.

"कसली दोन वर्षं, मॅडम?"

"काही नाही. चारच्या इंजेक्शनांचा ट्रे तयार आहे का बघा."

त्यांना काय म्हणायचं होतं ते समजलं नाही. ट्रे मात्र तयार होता.

गुरुवार, १९ डिसेंबर

पासपोर्ट आला. निळा, कडक, नव्या पुस्तकासारखा वास. यॉर्कशायरमधल्या एका हॉस्पिटलनं सरळ पत्रावर नोकरी दिलीय. त्यांचंच परमिट आलं, राहायची सोय त्यांचीच. वॉर्ड कुठला हवा विचारलंय. मी लिहिलं, मुलांचा.

जेवताना काशम्माला म्हटलं, बघ, केलं की नाही एकटीनं? मधला माणूस लागला का?

तिनं घास खाली ठेवला आणि बोटं मोजायला लागली. "गुरप्पा, मेट्रन, आबा, तुझी ती रंभाबाई, तिचा नवरा, सरपंच, चार पंच. आणि तुझा प्रत्येक फॉर्म रात्री तपासून देणारी मी. एजंट एकच असतोय गं. तुला बारा लागले."

दोघी इतक्या हसलो की मेसच्या मावशी बघायला आल्या. अकरा की बारा, ह्यावर भांडलो. मग तिनं अगदी सहज कौन्सिलचा पत्ता मागितला आणि एका चिठ्ठीवर उतरवून घेतला. मी तर यॉर्कशायरला असणार, लंडनला पत्र पाठवून मला कसं मिळेल? तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे." आणि सातव्या रकान्यात काय लिहायचं तेही विचारून ठेवलं.

रविवार, १६ फेब्रुवारी १९७५

डायरी कधीच संपली, ही मागची पत्त्यांची पानं आहेत. गाडीत बसून लिहितेय, अक्षर हलतंय. गाडीनं कुर्डुवाडी सोडली. उद्या मुंबई, परवा विमान.

स्टेशनवर सगळे आले होते. काशम्मानं तिच्या वडिलांच्या मागावरची चादर दिली, जाड, लाल फुलांची. मेट्रनबाई ड्यूटीवर होत्या म्हणून येणार नव्हत्या, पण आल्या. गर्दीत लांब उभ्या राहिल्या, युनिफॉर्ममध्येच. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "साडी सांभाळा, प्लॅटफॉर्म घाण आहे." आणि पाठ फिरवून चष्मा पुसत उभ्या राहिल्या. धूळ फार उडत होती.

आई रडून घेत होती, मध्येच थांबून मला दशम्यांचं फडकं कुठं ठेवलंय ते सांगत होती. आबा खिडकीशी उभे. गज धरून. गार्डाची शिट्टी व्हायला पाच मिनिटं असतील, तेव्हा म्हणाले, "केरा, एक इचारू का?"

"विचारा की आबा."

"तितली मानसं आपली बोली बोलत न्हाईत."

"न्हाय."

"तुजी इंग्रजी हाय ती हाय. पर मानूस लई आजारी पडलं की इंग्रजी बी सुदरत नसंल त्याला. आन् बारकी पोरं तर बोलतच न्हाईत. मंग कुटं दुकतंय, ह्ये तुला कळायचं कसं?"

जुलैपासून सात महिने ते हा प्रश्न पोटात घेऊन हिंडत होते. मी समजत होते त्यांना माझं जाणं पसंत नाही. त्यांना एवढीच काळजी होती, की माझ्या हातून कुणाचं दुखणं समजायचं राहून जाईल.

मी म्हटलं, "आबा, मेंढरू आजारी पडलं तर तुमाला कसं कळतं?"

"मेंढराचं काय," ते म्हणाले. "हात लावून बघायचं. कान गरम हाईत का, प्वाट तानलंय का. जितं अंग चोरतंय तितं दुकतंय."

"मग मीबी तसंच करणार."

आबांनी खिडकीतून हात आत घालून माझा हात धरला, तळवा उलटा करून बघितला, बोटं चेपून बघितली. शिट्टी झाली. गाडी हलली तरी ते हात धरून चार पावलं चालत आले. मग सोडला, आणि मागं वळून, अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असं आईला ओरडून म्हणाले,

"रडू नगंस गं! जमतंय की हिला!"